दाणा मोजला, कडबा राहिला

काही वर्षांपूर्वीची शनिवारची रात्र. एका इंटरनेट नेटवर्कच्या कंट्रोल रूममध्ये माझी ड्यूटी होती. पुणे-सोलापूर लिंकचा आलेख नव्वद टक्क्यांच्या वर जाऊन चिकटला होता आणि हैदराबादकडून तक्रारी यायला लागल्या होत्या. अशा वेळी सगळे जे करतात तेच मी केलं. त्या लिंकची कॉस्ट, म्हणजे तिच्यावरून जाण्याचा ठरवून दिलेला भाव, १० होती, ती ३० केली. हैदराबादचा ट्रॅफिक कोल्हापूर-बेळगावकडून वळेल असा हिशोब होता आणि तो वळलाही. दोन मिनिटांत सोलापूर लिंक निवांत झाली. मी चहाला उठणार एवढ्यात नांदेडहून फोन आला. नांदेडचा ट्रॅफिकही सोलापूरवरूनच जायचा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कॉस्ट वाढताच तो जालन्याकडून जायला लागला होता आणि तिकडची बारकी लिंक तुडुंब भरली होती. आकडा मी एका लिंकचा बदलला, भोगलं तिसऱ्याच जिल्ह्याने.

त्या रात्रीपासून हा आकडा माझ्या डोक्यातून गेलेला नाही. डेटाचे रस्ते ठरवणाऱ्या ओएसपीएफ नावाच्या पद्धतीत प्रत्येक लिंकला १ ते ६५५३५ यांतला एक आकडा द्यायचा असतो, त्यालाच आम्ही कॉस्ट किंवा मेट्रिक म्हणतो. मग प्रत्येक राउटर स्वतःपासून प्रत्येक ठिकाणापर्यंतचा सगळ्यात कमी बेरजेचा रस्ता काढतो. ही रीत एड्सगर डाइकस्ट्रा यांची. १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसल्याबसल्या वीसेक मिनिटांत त्यांना ती सुचली आणि १९५९ मध्ये छापून आली. रस्ता काढणं सोपं आहे, राउटर ते क्षणात करतो. अवघड आहे ते आकडे ठरवणं. बहुतेक ठिकाणी ते कुणी ठरवतच नाही. लिंक जितकी मोठी तितका आकडा लहान, हा कंपनीतून आलेला ठोकताळा तसाच राहतो आणि आग लागली की माझ्यासारखा कुणीतरी रात्री अकरा वाजता एखादा आकडा हलवतो.

सगळे आकडे बसून नीट ठरवायचे म्हटलं तर? शंभर लिंकचं मध्यम नेटवर्क घ्या आणि प्रत्येकीला फक्त वीसच आकड्यांची मुभा द्या. तरी होणाऱ्या जुळण्यांची संख्या १३१ आकडी होते. जगातले सगळे संगणक जन्मभर बसवले तरी एकेक जुळणी तपासून होणार नाही. बर्नार्ड फोर्ट्झ आणि मिक्केल थोरुप या संशोधकांनी २००० साली दाखवून दिलं की हा प्रश्न मुळातच अशा कठीण जातीचा आहे, त्याचं नेमकं उत्तर झटपट काढण्याची रीत कुणाजवळ नाही. पण त्याच निबंधात त्यांनी हेही दाखवलं की चांगलं उत्तर हुडकता येतं. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या नियोजित अमेरिकी जाळ्यावर त्यांनी शोधलेले आकडे आदर्श वाटणीपासून जेमतेम काही टक्के दूर होते. कृत्रिम जाळ्यांवर नेहमीच्या ठोकताळ्यांशी तुलना केली, तर त्याच तारांवरून ५० ते ११० टक्के जास्त मागणी पेलता येत होती. नवी केबल टाकायची नाही, नवा राउटर घ्यायचा नाही, फक्त आकडे शहाणपणाने निवडायचे.

त्यांचा शोध एकेक पाऊल पुढे टाकत जाणारा होता. २००२ मध्ये रेझेंडे, पार्डालोस आणि त्यांच्या सहकाऱ्याने याच प्रश्नाला जनुकीय अल्गोरिदम लावला आणि २००५ मध्ये त्याची सुधारलेली संकरित आवृत्ती आली. ही रीत शेतकऱ्याच्या घरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. खळं करताना चांगली टपोरी कणसं बाजूला काढून बियाण्याला राखून ठेवायची, पुढच्या वर्षी तीच पेरायची, पुन्हा त्यातली निवडायची. इथे एक कणीस म्हणजे सगळ्या लिंकच्या आकड्यांची एक पूर्ण यादी. अशा शे-दोनशे याद्या वाटेल तशा बनवायच्या. प्रत्येक यादी नेटवर्कच्या नकलेवर चालवून तिला गुण द्यायचे. वरच्या याद्या राखायच्या, दोन याद्यांचा संकर करून तिसरी काढायची, मधूनच एखादा आकडा उगाच बदलून बघायचा, खालच्या फेकून द्यायच्या. काही शे पिढ्यांनंतर जी यादी वर राहते ती कुण्या इंजिनिअरच्या डोक्यातून निघाली नसती. जॉन हॉलंड यांनी मिशिगन विद्यापीठात या विचाराला शास्त्राचं रूप दिलं, त्यांचं पुस्तक १९७५ चं.

मी या तंत्राच्या बाजूचा आहे. माझ्या त्या रात्रीच्या चुकीला नांदेड बळी पडलं नसतं, जर सगळे आकडे आधीच एकत्र तोलून ठेवलेले असते. पण बाजूचा आहे म्हणूनच दोन गोष्टी ठामपणे म्हणायच्या आहेत. एक लवकर सांगून होते, दुसरीला वेळ लागेल.

पहिली अशी की चालत्या नेटवर्कची लगाम या अल्गोरिदमच्या हाती देऊ नये. गणपतीत मुंबई-गोवा महामार्ग तुंबला की काय होतं ते कोकणातल्या माणसाला ठाऊक आहे. कुणीतरी मोबाइलवर लाल रेघ बघतो, कराडवरून कुंभार्ली घाट मोकळा दिसतो, गाड्या तिकडे वळतात, तासाभरात घाट जाम आणि महामार्ग मोकळा. मग सगळे उलट. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटमध्ये हेच झालं होतं. मोजलेल्या उशिरावरून रस्ते ठरायचे, त्यामुळे भार वाढला की ट्रॅफिक या लिंकवरून त्या लिंकवर आणि पुन्हा परत असा हेलकावे खायचा. १९८७ मध्ये मोजमापाची पद्धतच बदलून हे आवरावं लागलं. शिवाय प्रत्येक आकडा बदलला की सगळ्या राउटरना पुन्हा हिशोब करावा लागतो आणि तेवढ्या वेळात काही पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, दोन राउटरमध्ये गोल गोल फिरत राहतात. आकडे शांतपणे, आधी, टेबलावर बसून काढावेत. रात्रीच्या मेंटेनन्सच्या वेळेत बसवावेत. बदलायचेच झाले तर थोडेच बदलावेत. फोर्ट्झ आणि थोरुप यांनीच पुढे २००२ मध्ये दाखवलं की मागणी बदलली तरी मोजके आकडे बदलून बहुतेक फायदा पदरात पडतो.

दुसरी गोष्ट गुणांची आहे.

उत्क्रांतीच्या या यंत्राला आपला हेतू कळत नाही, त्याला फक्त गुणपत्रिका कळते. १९९६ च्या सुमारास ससेक्स विद्यापीठात अ‍ॅड्रियन थॉम्पसन यांनी एका चिपवर सर्किट 'उत्क्रांत' केलं. काम साधं होतं, १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झ हे दोन सूर वेगळे ओळखायचे. काही हजार पिढ्यांनंतर चिप ते बिनचूक ओळखायला लागली. उघडून बघितलं तर काही भाग बाकीच्या सर्किटला जोडलेलेच नव्हते, पण ते गोठवले की काम बिघडायचं. त्या एका चिपच्या अंगातल्या बारीकसारीक विद्युत गुणांचा फायदा यंत्राने उचलला होता. चिपवरची जागा बदलली, तापमान बदललं की कामगिरी घसरायची. तिथे यंत्राने काही गैर केलेलं नव्हतं. 'दुसऱ्या जागीही चाललं पाहिजे' हे गुणपत्रिकेत कुणी लिहिलंच नव्हतं.

आता नेटवर्कची गुणपत्रिका जवळून बघू. फोर्ट्झ आणि थोरुप यांनी बनवलेली आणि पुढे अनेकांनी उचललेली ही पद्धत. प्रत्येक लिंकवर तिच्या भाराप्रमाणे दंड बसतो. लिंक एक तृतीयांश भरेपर्यंत दर युनिटला १, दोन तृतीयांशपर्यंत ३, नव्वद टक्क्यांपर्यंत १०, पूर्ण भरेपर्यंत ७०, त्याच्या वर ५०० आणि ११० टक्क्यांच्या पुढे ५०००. सगळ्या लिंकच्या दंडाची बेरीज जितकी कमी तितकी यादी चांगली. बघताक्षणी पटावं असं गणित आहे, गर्दी वाढेल तसा दंड चढत जातो.

मी एकदा दोन लिंक घेऊन हाताने आकडेमोड केली. एक शहरातली, १०,००० एमबीपीएसची. एक खेड्याकडची, १०० एमबीपीएसची. शहरातली ७० टक्के भरली आहे, म्हणजे कुणाचं काही अडलेलं नाही. ती ६५ टक्क्यांवर आणली तर सुमारे ३८३३ गुणांचा दंड वाचतो. खेड्याची लिंक काठोकाठ भरली आहे, म्हणजे तिथे पानच उघडत नाही. ती निम्मी रिकामी केली तर वाचतात ९८३. अशी तीन तुडुंब गावं मोकळी केली तरी शहरातल्या त्या न जाणवणाऱ्या पाच टक्क्यांची बरोबरी होत नाही. यंत्रापुढे दोन याद्या आल्या, एकीत शहराला पाच टक्के हवा मिळते आणि दुसरीत तीन गावं चालू होतात, तर यंत्र पहिली यादी बियाण्याला राखेल. इमानेइतबारे राखेल.

हे गणित चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. एका कंपनीच्या मोठ्या शहरांना जोडणाऱ्या जाळ्यासाठी ते बनलं होतं आणि तिथे ते शोभतं. तिथे बाइट मोजले की काम भागतं. पण जे जाळं लोकांच्या पैशातून, गावोगावी पोचण्यासाठी उभं राहतं, तिथे बाइट मोजायचे की माणसं, हा प्रश्न तंत्रज्ञाने एकट्याने सोडवायचा नाही. ज्या गावात इंटरनेट नीट चालत नाही तिथे लोक ते वापरत नाहीत, वापर कमी म्हणून मागणीच्या तक्त्यात त्या गावाचा आकडा लहान, आकडा लहान म्हणून गुणपत्रिकेत त्याला वजन नाही आणि वजन नाही म्हणून पुढच्या वर्षीही ते तिथेच.

भारतनेट हे असं जाळं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क म्हणून मंजूर झालेली ही योजना पुढे भारतनेट या नावाने चालली. सुरुवातीच्या रचनेत तालुक्याच्या ठिकाणापासून ग्रामपंचायतीपर्यंत एकच तार जायची. ती रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने उचकटली की पलीकडचं सगळं अंधारात. अशा जाळ्यात कुठलाही अल्गोरिदम आणा, दुसरा रस्ताच नाही तर निवडणार काय? ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित योजना मंजूर केली, सुमारे १ लाख ३९ हजार कोटींची. तिच्यात ग्रामपंचायती रिंगने जोडायच्या आहेत, म्हणजे एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूने डेटा जाईल. हा बदल मला मनापासून मोलाचा वाटतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खेड्याच्या लिंकला दुसरा रस्ता मिळतो आहे.

आणि इथेच या तंत्राला खरं काम आहे. कुठली पंचायत कुठल्या रिंगमध्ये घालायची, रिंग किती मोठी करायची, जुनी तार कुठे वापरायची आणि नवा चर कुठे खणायचा, जंगल, नदी, घाट कसे टाळायचे. सगळ्या बाजूंनी अटी आणि पूर्णांकांचा हिशोब. जिथे गणित सरळ रेषेत मांडता येतं तिथे रेषीय नियोजनाच्या जुन्या पद्धती पुरतात, जास्त चांगल्याही ठरतात, उगाच उत्क्रांतीचा आग्रह धरू नये. पण रिंगची आखणी तशी सरळ नसते आणि अशा वाकड्यातिकड्या जागी पिढ्यांची निवड चांगलं उत्तर काढून देते.

फक्त गुणपत्रिकेत काय लिहिलंय ते बघा. खणायच्या चराची लांबी एवढंच लिहिलं, तर यंत्र अत्यंत स्वस्त रिंग काढेल: जाणारी आणि येणारी तार एकाच चरातून. नकाशावर ती गोल दिसेल, कागदावर रिंग मोजली जाईल आणि जेसीबीचा एक फटका दोन्ही बाजू तोडेल. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटला ही पावसाळ्यातली ओळखीची बातमी आहे. तिथल्या रिंगच्या दोन्ही बाजू एकाच पुलावरून नेणारी आखणी किलोमीटरच्या हिशोबात पहिली येऊ शकते. यंत्राला पूल माहीत नाही, पूर माहीत नाही. ते आपण सांगायचं असतं.

निवडीची कसोटी अपुरी राहिली की काय होतं हे महाराष्ट्राच्या शिवाराने एकदा पाहिलं आहे. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला हायब्रीड वाण आला. निवड दाण्याची होती आणि दाणा खरोखर भरभरून आला. त्या टंचाईच्या काळात तो हवाच होता, हे विसरून चालणार नाही. पण ताट बुटकं झालं, कडबा कमी आणि जनावरांना नावडता. शेतकऱ्याच्या लेखी ज्वारी हे कधीच नुसत्या दाण्याचं पीक नव्हतं, दाणा घरच्यांना आणि कडबा गोठ्याला. सोलापूर, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीला आजही मालदांडी पेरतात, मोहोळची मालदांडी ३५-१. दाणा, भाकरीची चव, कडबा आणि कोरड्या थंडीत तग धरणं, हे सगळं त्या निवडीत होतं. हायब्रीड काढणाऱ्यांनी काम चोख केलं होतं. गोठ्याचा हिशोब मात्र गुणपत्रिकेत नव्हता.

दोन-तीन गोष्टी एकदम तोलायच्या तर कसं, याचं उत्तर भारतातच निघालेलं आहे. आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमॉय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एनएसजीए-२ नावाची पद्धत बसवली, तिचा निबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज या क्षेत्रात जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतींत तिची गणना होते. ती सगळे गुण एका बेरजेत कोंबत नाही. खर्च वेगळा, गर्दी वेगळी, एका तुटण्याने अंधारात जाणाऱ्या गावांची संख्या वेगळी. शेवटी ती एक उत्तर देत नाही, उत्तरांची रांग देते. इथे इतके कोटी वाचतात पण चाळीस गावं एका पुलावर लटकतात, तिथे थोडे जास्त लागतात पण दहाच लटकतात, त्याच्या पुढे पैसा दुप्पट आणि लटकणारं एकही नाही. त्या रांगेतलं कुठलं घ्यायचं हे मग माणसांना ठरवावं लागतं. मला ही पद्धत आवडते ती याचसाठी. निर्णय ती ज्यांचा आहे त्यांच्या पुढ्यात आणून ठेवते, 'कॉम्प्युटरने असंच काढलं' म्हणायला जागा ठेवत नाही.

यावर माझे इंजिनिअर मित्र दोन हरकती घेतात. पहिली, जाळ्याचा नकाशा उघड केला तर घातपाताला आमंत्रण. मान्य. मी नकाशा मागतच नाही. तारा कुठून जातात ते गुप्त राहू द्या, कशाला किती गुण दिले ते उघड करा. परीक्षेचा पेपर गुप्त असतो, गुणांची योजना सगळ्यांना माहीत असते.

दुसरी हरकत, लोकांना यातलं काय कळणार? मला हे पटत नाही. पाण्याच्या पाळीवरून, रोहित्रावरून, एसटीच्या फेरीवरून कुणाला किती आणि आधी कोण, हे आपल्या ग्रामसभा पिढ्यान्‌पिढ्या भांडत आल्या आहेत. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या शेतकऱ्याला पाणी आधी की हेडच्या, हा वाद कालव्यावर ज्याने पाहिला त्याला नेटवर्कची गुणपत्रिका पाच मिनिटांत समजते. कालवा आणि फायबर यांत या बाबतीत फरक एवढाच की कालव्याचं पाणी आटलेलं डोळ्यांना दिसतं. नेटवर्कमध्ये टेलच्या गावाला वाटत राहतं की आपला मोबाइलच जुना आहे.

त्या रात्री मी कॉस्ट पुन्हा १० वर आणली. नांदेड सुटलं, हैदराबाद पुन्हा रांगेत बसलं. दोघांतलं कुणाचं काम जास्त निकडीचं होतं, मला कल्पना नव्हती. हैदराबादकडून जास्त फोन येत होते एवढंच माहीत होतं. माझ्या हातात तेव्हा कुठलीही गुणपत्रिका नव्हती आणि खरं तर माझ्या मनात एक होती, फोनची संख्या. असा निर्णय आता यंत्राकडे जाणार असेल तर जाऊ दे, ते माझ्यापेक्षा कितीतरी जास्त याद्या तपासेल. पण मनातल्या मनात धरलेली कसोटी त्याला चालत नाही, ती लिहून द्यावी लागते आणि लिहिलेली वाचता येते.

म्हणून सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक जाळ्याच्या निविदेत, खर्च आणि किलोमीटरच्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना मला हवा आहे: कुठलीही एक तार, एक चर किंवा एक पूल गेला तर जास्तीत जास्त किती ग्रामपंचायती बंद पडतील. आखणी यंत्राने केलेली असो की माणसाने, हा आकडा काढता येतो. भामरागडच्या ग्रामसेवकाला तो पावसाळ्यापूर्वी वाचता आला पाहिजे.